साठा मोठा, धार किती? : तुपीचे तेल आणि ‘तेलशिखरा’चा वाद

८ नोव्हेंबर २००७ रोजी ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेलकंपनीने एक घोषणा केली आणि जगभरच्या शेअर बाजारांचे लक्ष त्या देशाकडे वळले. रिओ दि जानेरोपासून सुमारे २५० ते ३०० किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागराच्या सांतोस खोऱ्यात ‘तुपी’ नावाचे तेलक्षेत्र सापडले असून त्यातून ५ ते ८ अब्ज पिंप तेल व वायू काढता येईल, असे कंपनीने जाहीर केले. एक पिंप म्हणजे बॅरल, सुमारे १५९ लिटर. त्या आठवड्यात खनिज तेलाचा भाव शंभर डॉलरच्या उंबरठ्यावर होता, आणि जगातील तेल संपत आले काय, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचला होता.

साहजिकच या घोषणेचे दोन अर्थ लावले गेले. एका पक्षाने म्हटले, तेल संपण्याची भाकिते पुन्हा एकदा खोटी ठरली. दुसऱ्या पक्षाने म्हटले, इतक्या खोल समुद्रात तेल शोधावे लागते, हाच सोपे तेल सरल्याचा पुरावा आहे. दोन्ही पक्षांत नामवंत तज्ज्ञ होते. हा वाद नेमका कशाविषयी होता आणि पुढील काळाने त्याचा काय निवाडा केला, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

मिठाच्या थराखालील ठेव

तुपीचे तेल ज्या खडकात आहे, त्याची कथा अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वीची. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका ही भूखंडे तेव्हा एकमेकांपासून विलग होऊ लागली होती. दोहोंमधील खोलगट भागात विस्तीर्ण सरोवरे निर्माण झाली. त्यांतील सूक्ष्म जीवांचे अवशेष तळाशी साचून त्यांपासून कालांतराने तेल तयार झाले आणि ते सच्छिद्र चुनखडकात साठले. पुढे या खोलगट भागात समुद्राचे पाणी शिरले, त्याचे बाष्पीभवन होत राहिले आणि मिठाचा जाड थर जमला. मिठातून तेल झिरपत नाही. त्यामुळे हा थर तेलावर घट्ट झाकणासारखा बसला.

हे झाकण तेलाचे रक्षण करते, तसेच माणसाची वाटही अडविते. तुपी येथे समुद्राची खोली दोन किलोमीटरहून अधिक आहे. तळाखाली आणखी सुमारे पाच किलोमीटर खोल जावे लागते आणि त्यातील जवळजवळ दोन किलोमीटर निव्वळ मीठ आहे. मोठ्या दाबाखाली मीठ घट्ट राहत नाही. ते अतिशय मंद गतीने सरकते आणि खोदलेले छिद्र आवळू पाहते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने भूगर्भाचे चित्र घेतानाही मिठाचा थर त्या लहरींना वाकवितो आणि खालचे चित्र धूसर होते. पहिल्या विहिरीस एक वर्षाहून अधिक काळ लागला आणि तिचा खर्च सुमारे २४ कोटी डॉलर झाला, तो यामुळेच.

हबर्टची घंटाकृती रेषा

वादाचे मूळ मात्र तुपीच्या अर्धशतक आधीचे आहे. १९५६ साली शेल कंपनीतील भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे तेल व्यावसायिकांसमोर एक निबंध वाचला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : कोणत्याही प्रदेशातील तेलाचे उत्पादन प्रथम वाढते, एकूण काढता येण्याजोग्या तेलापैकी सुमारे निम्मे निघाले की शिखर गाठते आणि त्यानंतर उतरत जाते. उत्पादनाची ही रेषा घंटेच्या आकाराची दिसते. अमेरिकेत एकूण १५० अब्ज पिंप तेल आहे असे धरल्यास हे शिखर १९६५ च्या सुमारास येईल आणि २०० अब्ज धरल्यास १९७० च्या सुमारास, असे त्यांचे गणित होते.

त्या वेळी अनेकांनी हे भाकीत हसण्यावारी नेले. परंतु १९७० साली अमेरिकेचे उत्पादन दररोज सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचले आणि नंतर घसरू लागले. हबर्ट यांची प्रतिष्ठा एकदम वाढली. १९९८ साली कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या भूवैज्ञानिकांनी हीच पद्धत साऱ्या जगाला लावली आणि येत्या दशकभरात जागतिक उत्पादन शिखर गाठेल, असा इशारा दिला. ‘तेलशिखर’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. २००५ साली मॅथ्यू सिमन्स यांनी सौदी अरेबियाच्या तेलक्षेत्रांच्या क्षमतेविषयीच शंका उपस्थित केली.

या मताचे विरोधकही तितकेच ठाम होते. डॅनियल येर्गिन यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, ‘साठा’ ही अचल संख्या नव्हे. आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने जेवढे तेल काढणे परवडते, तेवढेच साठ्यात मोजले जाते. भाव वाढला किंवा तंत्र सुधारले की तोच खडक अधिक तेल देतो. एखाद्या क्षेत्रातील तेलापैकी सर्वसाधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपासच बाहेर निघते. उरलेले खडकातच राहते. म्हणून त्यांच्या मते टोकदार शिखराऐवजी चढउतारांचे दीर्घ पठार संभवत होते.

शिल्लक आणि उचल

येथे एक साधे गणित करून पाहणे इष्ट ठरेल. २००७ साली जगाचा तेलाचा वापर दररोज सुमारे ८.५ कोटी पिंप होता. त्या हिशेबाने ५ अब्ज पिंप म्हणजे जगाचा सुमारे ५९ दिवसांचा वापर आणि ८ अब्ज पिंप म्हणजे सुमारे ९४ दिवसांचा. अनेक वर्षांतील सर्वांत मोठ्या शोधांपैकी एक असलेले क्षेत्र साऱ्या जगाला जेमतेम दोन-तीन महिने पुरले असते.

हे गणित बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण कोणतेही तेलक्षेत्र तीन महिन्यांत उपसता येत नाही. दररोज १० लाख पिंप काढल्यास ८ अब्ज पिंप निघण्यास जवळजवळ २२ वर्षे लागतात. बँकेच्या व्यवहारातील भाषेत सांगायचे तर खात्यातील शिल्लक ही एक गोष्ट आणि दर महिन्यास काढता येणारी रक्कम ही दुसरी. मोठी ठेव असूनही तिच्यातून अल्प रक्कमच उचलता येत असेल, तर घरखर्च त्या रकमेतच भागवावा लागतो. जगाचा व्यवहारही भूगर्भातील शिल्लकीवर चालत नसून रोज निघणाऱ्या धारेवर चालतो.

या हिशेबाची दुसरी बाजू खर्चाची नव्हे, झिजेची आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २००८ साली जगातील सुमारे ८०० तेलक्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिखर ओलांडलेल्या क्षेत्रांचे उत्पादन सरासरी दरसाल ६.७ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक उलट दिशेने वाचावे, तसा हा दर आहे. या गतीने दररोज १० लाख पिंप देणारे क्षेत्र दहा वर्षांत ५ लाखांवर येते. समजा, जगाच्या पुरवठ्यापैकी ४ कोटी पिंप अशा उतरत्या क्षेत्रांतून येतात. तर केवळ आहे तो पुरवठा टिकविण्यासाठी दरवर्षी सुमारे २७ लाख पिंपांची नवी धार लागेल. म्हणजे तुपीसारखी दोन-तीन क्षेत्रे, आणि तीही दरवर्षी.

मुंबई हायचा दाखला

या घसरणीचे उदाहरण पाहण्यासाठी ब्राझीलपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या वेधनयंत्रणेने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले. १९७३ च्या तेलसंकटाने भाव चौपट झाले होते. अशा वेळी लागलेला हा शोध देशासाठी मोठा आधार ठरला. १९७६ साली उत्पादन सुरू झाले आणि मार्च १९८५ मध्ये ते दररोज सुमारे ४ लाख ७० हजार पिंपांवर पोहोचले. पुढे खडकातील दाब कमी होत गेला आणि उत्पादन उतरले. २००० नंतर तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने या क्षेत्राच्या पुनर्विकासाची कामे हाती घेऊन घसरगुंडीस आवर घातला. तरीही २०२४ मध्ये दैनंदिन उत्पादन १ लाख ३५ हजार पिंपांच्या आसपास होते. जानेवारी २०२५ मध्ये उत्पादनवाढीसाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड जाहीर झाली. तेल संपले नाही, परंतु त्याची धार बारीक झाली आहे. तेलशिखराचा व्यावहारिक अर्थ हाच.

काळाने दिलेला निवाडा

जुलै २००८ मध्ये तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरवर गेला आणि जागतिक मंदीमुळे त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० डॉलरच्याही खाली आला. त्यानंतर जे घडले त्याची अपेक्षा दोन्ही पक्षांतील फार थोड्यांनी केली होती. अमेरिकेत शेल नावाच्या दाट खडकात आडव्या विहिरी खोदून, उच्च दाबाच्या पाण्याने त्यास तडे देऊन तेल काढण्याचे तंत्र फळास आले. २००८ साली दररोज ५० लाख पिंपांपर्यंत उतरलेले अमेरिकी उत्पादन २०१८ मध्ये १९७० चा उच्चांक ओलांडून पुढे गेले आणि २०२३ मध्ये १ कोटी २९ लाखांच्या घरात पोहोचले. हबर्ट यांच्या घंटेला दुसरी, अधिक उंच घंटा जोडली गेली.

तुपीनेही आशावाद्यांना निराश केले नाही. मे २००९ मध्ये चाचणी उत्पादन आणि ऑक्टोबर २०१० मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. काही विहिरींनी दररोज ३० हजार पिंपांहून अधिक तेल दिले. मधल्या काळात ‘लुला’ हे नाव धारण करून २०२० मध्ये पुन्हा ‘तुपी’ झालेल्या या क्षेत्राचे उत्पादन सुमारे १० लाख पिंपांपर्यंत गेले. मात्र शोधापासून तेथवर पोहोचण्यास साधारण १३ वर्षे लागली आणि त्यानंतर तेथेही उतार सुरू झाला.

मग तेलशिखराचे प्रवक्ते सर्वस्वी चुकले काय? तसे म्हणता येणार नाही. पारंपरिक कच्च्या तेलाचे उत्पादन २००६ साली सुमारे ७ कोटी पिंपांवर शिखरास पोहोचले, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेच २०१० च्या अहवालात नमूद केले. नंतरची वाढ बहुतांशी शेल, कॅनडाची तैलवाळू आणि खोल समुद्र अशा कष्टसाध्य स्रोतांतून आली. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर झालेल्या स्फोटात ११ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या कष्टसाध्य तेलाची दुसरी किंमतही जगाला कळली. सोपे तेल सरत आहे, हे त्यांचे निदान योग्य होते. महागाई आणि मानवी कल्पकता एकत्र आल्यावर काय घडते, याचा अंदाज मात्र त्यांना आला नाही.

आता वाद मागणीचा

पुढे प्रश्नाचे रूपच पालटले. पुरवठ्याच्या शिखराऐवजी मागणीच्या शिखराची चर्चा होऊ लागली. प्रचलित धोरणांनुसार तेलाची मागणी २०३० पूर्वी शिखर गाठेल, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये म्हटले, तर तेल निर्यातदारांच्या ओपेक संघटनेने ते अमान्य केले. २०२४ मध्ये जगाचा वापर दररोज १० कोटी पिंपांहून अधिक होता. विजेवर चालणारी वाहने, हवामानबदलाची चिंता आणि विकसनशील देशांच्या गरजा यांच्या ओढाताणीत हा वादही रंगत राहील.

भारतास हा केवळ विद्वानांचा वाद नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते आणि त्याचे मोल परकीय चलनात चुकवावे लागते. भावातील चढउतार रुपयाच्या मूल्यावर, मालवाहतुकीच्या दरावर आणि अखेरीस भाजीपाल्याच्या पिशवीवर उमटतात. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून हा संबंध अधिकच निकटचा झाला आहे.

म्हणून नव्या तेलसाठ्याची बातमी आली की सुजाण वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : तेल किती आहे, ते किती वेगाने निघेल आणि किती खर्चात निघेल. मथळ्यात बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते. देशाचे आणि घराचे अंदाजपत्रक मात्र उरलेल्या दोन उत्तरांवर ठरते. भूगर्भातील ठेव निसर्गाने एकदाच ठेवली आहे. तिच्यातील उचल पुरेशी आहे तोवरच पुढील पिढीसाठी उत्पन्नाचा दुसरा मार्ग उभा करणे, हेच दूरदर्शी खातेदाराचे लक्षण होय.