अडकलेला बोल्ट आणि तीन धडे



मागच्या सुट्टीत घरच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. लेक आठवीत आहे, ती मदतीला होती. आमचं गाव कोकण किनाऱ्यावर, बारमाही खारी हवा. चाक निघालं, पण कॅलिपरचा खालचा बोल्ट काही हलेना. मी दातओठ खाऊन पाना ओढत होतो. लेक वाकून आत बघत होती. म्हणाली, "बाबा, बोल्टचं डोकं आतल्या बाजूला आहे. तुम्ही तो आवळताय!"

खरंच की! विज्ञानाचा शिक्षक, आणि दिशाच चुकली होती.

धडा पहिला : दिशा
बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून पाहिलं, तर नेहमीचा बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सैल होतो. डोकं पलीकडे असेल, तर तीच दिशा आपल्याला घड्याळाच्या काट्यांसारखी दिसते. म्हणून जोर लावण्याआधी डोकं कुठे आहे ते बघायचं.

धडा दुसरा : गंज
दिशा बदलली, तरी बोल्ट निघेना. कारण गंज. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो, मिठाने तो आणखी वेगाने चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. आम्ही तारेच्या ब्रशने बोल्ट साफ केला, गंज सोडवायचं तेल मारलं, डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले आणि चहा प्यायला गेलो. तेल आत झिरपायला वेळ लागतोच. मात्र ते डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये, नाहीतर ब्रेक नीट लागत नाही. गॅसची ज्योत तर अजिबात नको. जवळच रबर आणि ब्रेक ऑइलची नळी असते, तेल पेट घेतं आणि काही ब्रेक क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतात.

धडा तिसरा : तरफ
15 सेंमीच्या पान्याऐवजी 45 सेंमीचा पाना घेतला, तर तेवढ्याच जोरात फिरवण्याचा परिणाम तिप्पट होतो. पण बोल्ट तुटायचा धोकाही वाढतो. म्हणून बरोबर मापाची सहा कोनी गोटी पूर्ण बसवायची आणि झटके न देता जोर हळूहळू वाढवायचा. थोडा सैल झाला की पुन्हा किंचित आवळायचा, मग परत सैल करायचा.

"कट्" असा आवाज आला आणि बोल्ट फिरला! लेकीने टाळ्याच वाजवल्या. आटे खराब दिसले म्हणून तो बोल्ट परत न लावता त्याच मापाचा आणि प्रकारचा नवीन आणला. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळला. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहिलं.

पालकांनो, हे लक्षात ठेवा
गाडी फक्त जॅकवर ठेवून काम करू नका. अडकलेला बोल्ट ओढताना गाडी जॅकवरून घसरू शकते. सपाट, टणक जमीन हवी, खाली मजबूत स्टँड हवेत, मागच्या चाकांना ओट हवी. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. बोल्टचं डोकं गोल झालं किंवा बोल्ट तुटला, तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. ब्रेकच्या बाबतीत "चालतंय तेवढं" चालत नाही.

वर्गात करून बघा
साध्या लोखंडाचे दोन नट-बोल्ट घ्या. एक तेल लावून कोरडा ठेवा, दुसरा पंधरा दिवस रोज मिठाच्या पाण्याने भिजवा. मग मुलांना दोन्ही आधी आखूड पान्याने, नंतर लांब पान्याने उघडायला द्या. गंज आणि तरफ, दोन्ही घटक हातालाच कळतात.

त्या दिवसापासून एक सवय लागली आहे. वर्गात एखादं मूल गणितात अडकलं की आवाज चढवण्याआधी मी स्वतःला विचारतो, मी उलट्या दिशेने तर आवळत नाही ना?