विंचवाचं बिऱ्हाड, तीस फुटी

चांदनी स्टेशनवर गाड्या बघत मोठा झालेला माणूस मी. भुसावळ–खंडवा मार्गावरचं आमचं स्टेशन लहान. बहुतेक गाड्या न थांबता धूळ उडवत जातात. लहानपणी वाटायचं, त्या डब्यांतली माणसं केवढी भाग्यवान! बसल्या जागी जेवतात, पडल्या पडल्या झोपतात आणि खिडकीबाहेर गावं आपोआप बदलतात. पुढे शेजारी नेपानगरला कागदाच्या कारखान्यात पंपांवर नोकरी केली, निवृत्त झालो. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या मुलाने माझी ती जुनी हौस भलत्याच तऱ्हेने पुरवली. लास व्हेगासहून त्याने आठ दिवसांसाठी एक मोटारहोम भाड्याने घेतलं. तीस फूट लांब, बारा फूट उंच. आत बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघं. मुक्काम झायन आणि ग्रँड कॅन्यन या दोन राष्ट्रीय उद्यानांत. त्या आठ दिवसांतलं जे अजून डोक्यातून जात नाही, ते लिहून ठेवतो.

1. ‘पार्क’ या शब्दाने मला पहिल्यांदा फसवलं. आमच्याकडे पार्क दोन जातींचे. एक नगरपालिकेचा, ज्यातलं कारंजं बंद असतं. दुसरा मेळघाटासारखा, जिथे जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही आणि अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर व्हायचं. सरकारी जंगलात आपलं घरच नेऊन उभं करायचं, दोरीवर टॉवेल वाळत घालायचे आणि सकाळी बनियनवर चहा प्यायचा, हे पचायला वेळ लागला. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडची नोंदणी सहा महिने आधी उघडते. त्या सकाळी मुलगा तत्काळ तिकिटाला बसावं तसा घड्याळाकडे बघत बसला होता म्हणे. एवढं करून मिळालं काय? गाडीपुरता एक पट्टा, एक लाकडी टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं आणि विजेचा खांब. पहिल्या संध्याकाळी मी तीनदा विचारलं, “आपल्याला कोणी उठवणार तर नाही ना?” रेंजर जवळून गेली की मी उगाच उठून उभा राहायचो.

2. मोठी गाडी चालवायला तिथे मोठा परवाना लागत नाही, हे मला प्रवास सुरू झाल्यावर कळलं. साध्या कारच्या लायसन्सवर मुलगा ते धूड हाकत होता. लिटरला जेमतेम चार किलोमीटर. आमच्याकडचे केळीचे ट्रकही एवढे पीत नसतील. रस्त्यावर एकवेळ ठीक, पण खरी परीक्षा जागेत मागे घेताना. मी खाली उतरलो आणि साठ वर्षांत ट्रकच्या क्लीनरांकडून कानावर पडलेलं सगळं ज्ञान बाहेर काढलं. मागे उभा राहून “येऊ दे, येऊ दे, आन दे” आणि पत्र्यावर तळहाताची थाप. माझा हिशेब एसटीच्या घंटीचा होता, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मुलाचा हिशेब असा की बाबा घाबरले की थापा मारतात. परिणामी टेबलाचा कोपरा एका वितीने वाचला. आजूबाजूची मंडळी खुर्च्या वळवून बघत होती. नंतर समजलं की दुसऱ्याची गाडी मागे घेताना बघणं हा तिथल्या कॅम्पचा संध्याकाळचा मुख्य करमणुकीचा कार्यक्रम असतो. दुसऱ्या दिवसापासून मीही खुर्ची वळवून बसू लागलो.

3. एवढं मोठं वाहन आणलं आणि ते उभंच राहिलं. झायनच्या मुख्य दरीत वर्षाचा बराच काळ खासगी गाड्यांना बंदी असते. 2000 सालापासून तिथे उद्यानाच्या बस फिरतात. म्हणजे दोनशे साठ किलोमीटरवरून घर ओढत आणायचं आणि दरी बघायला बसच्या दांडीला लटकायचं. मी कुरकुरलो, तर बायको म्हणाली, “मग बादशहा काय वेगळं करत होते?” बुऱ्हाणपूरला माहेर असल्याने मोगलांबद्दल ती घरच्या माणसांसारखी बोलते. तिचं खरं होतं. बादशहाच्या लवाजम्यात तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम, दुसरा पेशखाना म्हणून पुढच्या मुक्कामी आधीच रवाना. शेकडो जनावरं, हजारो माणसं, आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर रानातही घरच्यासारखं वाटावं म्हणून. आम्ही मायक्रोवेव्ह घेऊन आलो होतो. तो आठ दिवसांत दोनदा वापरला, एकदा दूध उतू घालवायला.

4. पाण्यातलं मला कळतं, हा माझा भ्रम होता. पस्तीस वर्षं पंप, व्हॉल्व्ह, टाक्या हेच केलं, म्हणून पाण्याचं खातं मी मागून घेतलं. झायनमध्ये जागेवर वीज होती, नळजोड नव्हता. गाडीची टाकी सुमारे दीडशे लिटरची, माणसं पाच, दिवस तीन. मी वहीत माणशी लिटरचं कोष्टक आखलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा तळाला. कोष्टकाप्रमाणे कोणीच वागलं नव्हतं आणि सगळ्यात कमी मी. दाढी करताना नळ चालू ठेवायची सवय मला कारखान्याच्या कॉलनीने लावली. मग बायकोने सूत्रं हातात घेतली. ती अशा गल्लीत वाढली जिथे नळ दिवसाआड यायचा. भांडी आधी कागदाने पुसणं, तांदूळ धुतलेल्या पाण्यात चमचे विसळणं, एका तांब्यात तोंड-हात-पाय, हे तिला कोष्टकाशिवाय येत होतं. पुन्हा भरलेली टाकी तिने उरलेल्या मुक्कामाला पुरवली आणि निघताना त्यात पाणी शिल्लक होतं. वही मी गुपचूप नातीला चित्रं काढायला दिली.

5. घर सोबत असलं की माणूस घरातच बसतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही पाचही जण आत, दिवे लावून, पडदे ओढून. शेजारी तंबूतलं एक जोडपं बाहेर तारे बघत होतं. आम्हाला बाहेर काढलं ते वांग्यांनी. आत फोडणी दिली की गाडीतला अलार्म किंचाळायचा, म्हणून सुनेने फर्मान काढलं की भरीत बाहेर होईल. खानदेशाच्या शेजारच्या माणसाला भरिताचं सांगायला नको. बामणोदची हिरवी वांगी, ती पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात. इथे होती जांभळी, फुटबॉलएवढी अमेरिकन वांगी. आणि लाकूडही तिथल्या तिथेच विकत घ्यायचं. सरपणातून झाडांची कीड एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते, म्हणून बाहेरून आणू नका, असं जागोजागी सांगितलेलं. शेकोटीत वांगी काळी झाली, सालं निघाली, आणि वासाने तंबूवालं जोडपं उठून आलं. पोळीशी खाल्लं त्यांनी. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतलं. दहा वाजता शांततेची वेळ सुरू झाली आणि सगळे बोलता बोलता कुजबुजीवर आले. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी दटावलं नाही. त्या रात्री मी बराच वेळ बाहेरच बसलो. डोंगराच्या काळ्या कड्यांच्या मधोमध आभाळाची एक पट्टी होती आणि तिच्यात मावत नव्हते एवढे तारे.

6. आपली घाण आपण कधी बघितलेलीच नसते. मोटारहोमला तीन टाक्या. एक पिण्याच्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. निघायच्या दिवशी डंप स्टेशनवर जायचं, जाड नळी जोडायची, आधी मैल्याची टाकी मोकळी करायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे मागचं पाणी नळी धुऊन काढतं. व्हॉल्व्ह म्हटल्यावर मी पुढे झालो. हातमोजे घातले, नळी बसवली, पण तिचं कडं शेवटपर्यंत फिरवायचं राहिलं. खटका ओढला. पुढचं मी लिहीत नाही. बूट तिथेच टाकून द्यावे लागले एवढं सांगतो. मागे रांगेत उभा असलेला एक म्हातारा काही न बोलता पाण्याची नळी घेऊन आला. फरशी धुतली, माझे पाय धुतले. आपलंही पहिल्या खेपेला असंच झालं होतं म्हणाला. निवृत्त दंतवैद्य होता तो. रांगेत त्याच्यामागे आणखी चार गाड्या, चार माणसं, चौघांच्या हातात मोजे.

मला बुऱ्हाणपूरचं आजोबांचं घर आठवलं. मागच्या बोळात उघडणारा टोपलीचा संडास. सकाळी एक बाई यायची. ती बोळातून जाईपर्यंत आम्ही मुलांनी तिकडे फिरकायचं नाही. तिच्या खराट्याचा आवाज मला आजही ओळखू येईल. नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते काम थांबवायचा कायदा व्हायला 1993 साल उजाडलं आणि 2013 मध्ये पुन्हा दुसरा करावा लागला. आयुष्यभर मी हजारो लिटर पाणी इकडून तिकडे ढकललं, पण माझ्या घरातली ही एक टाकी रिकामी करायची पाळी माझ्यावर सहासष्टाव्या वर्षी आली, तीही पैसे मोजून केलेल्या सहलीत. मुलगा म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी मी करतो.” मी नको म्हटलं. पुढचे दोन्ही डंप मीच केले. कडं तेवढं शेवटपर्यंत फिरवलं.

7. अवजड माणसासाठी इतरांना थांबावं लागतं. झायनमधून पूर्वेला बाहेर पडताना 1930 सालचा बोगदा लागतो, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांब. तो खोदला तेव्हा असली धुडं कुणाच्या स्वप्नातही नसणार. आम्ही गेलो तेव्हा उंच किंवा रुंद गाडी कमानीला घासू नये म्हणून मधोमध चालवावी लागायची, आणि ती आत असेपर्यंत समोरची वाहतूक बंद असायची. त्याचे तेव्हा पंधरा डॉलर पडले. बाहेर पडलो तर पलीकडे मोटारींची रांग ताटकळलेली. मी खिडकीतून हात जोडले. चांदनीचं रेल्वे फाटक बंद असताना मी सायकलवर ताटकळत जे जे पुटपुटायचो, ते आता इंग्रजीत आपल्याबद्दल पुटपुटलं जात असणार.

8. ग्रँड कॅन्यनला मी दरी बघायला गेलो आणि नळ बघत बसलो. तिथल्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये तीस फुटांपर्यंतच गाडी चालते. आम्ही नेमके काठावर, म्हणून मुलाने ट्रेलर व्हिलेजमध्ये जागा घेतली होती. तिथे पन्नास फुटी गाड्या सरळ आत शिरतात, आणि वीज, पाणी, मोरी सगळ्यांचे जोड जागेवर. म्हणजे चैन. पण दरीच्या कोरड्या माथ्यावर, सात हजार फुटांवर हे पाणी येतं कुठून? विचारून घेतलं तेव्हा मी थक्क झालो. पलीकडच्या काठाखाली रोअरिंग स्प्रिंग्ज नावाचा झरा आहे. 1970 मध्ये पुरी झालेली नळवाहिनी तिथून दरीत उतरते, कोलोरॅडो नदी ओलांडते, अलीकडच्या चढावर निम्म्या वाटेपर्यंत केवळ उताराच्या दाबाने चढते, आणि तिथून पुढे पंप. जुनी झाल्यामुळे वारंवार फुटते. फुटते हे ऐकून मला त्या माणसांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवला. सातपुड्याच्या उतारावर झिरपणारं पाणी 1615 च्या सुमाराला भुयारांतून, ओळीने खोदलेल्या कुंड्यांखालून शहरात आणलेलं, पंपाचं नाव नाही. मुलगा सूर्यास्ताचे फोटो काढत होता. मी बायकोला उताराचं गणित समजावत होतो. “अहो, समोर बघा,” एवढंच ती म्हणाली. समोर बघितलं. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

त्याच रात्री झोपेत शिट्टी ऐकली. लांब, उंच, शेवटी खाली येणारी. मी अर्धवट जागेपणी बायकोला म्हटलं, “मालगाडी आली.” पडदा सारला तर खिडकीपासून हातभर अंतरावर एल्कचा नर, आमच्या सांबराचा थोरला भाऊ, डोक्यावर झाडाएवढी शिंगं. मान वर करून त्याने पुन्हा हाक दिली. त्या पातळ पत्र्याच्या भिंतीचा त्या क्षणी फार आधार वाटला, हे कबूल करतो. मायक्रोवेव्हबद्दल बोललो ते बोललो, भिंतीबद्दल नाही.

9. परत आलो की सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि लोकांना ऐकायच्या वेगळ्या. मुलगा म्हणतो, आता आपल्याकडेही कॅरव्हॅन येतायत. महाराष्ट्राने आणि केरळने 2021 मध्ये त्यासाठी धोरणं काढली, तर पुढच्या खेपेला इंदिरासागरच्या पाण्याकाठी हनुवंतियाला गाडी लावू. स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी हे सगळं जमवून आणून सांगितलं. बोगदा, एल्क, वांगी, दरी. जुना सोबती चहा फुंकत ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, “गाडीतच संडास म्हणतोस, मग तो साफ कोण करायचं?”

“मी,” म्हटलं.

तो इतका हसला की चहा सांडला. मी गंभीरपणे पुन्हा सांगितलं, तर आणखी हसला आणि टपरीवाल्याला म्हणाला, “ऐकलंस का, साहेब अमेरिकेत जाऊन गप्पा मारायला शिकले.” तेवढ्यात त्याची पॅसेंजर आली आणि तो हसतच पूल चढू लागला.