आकाशात एवढंच मावतं

विमानामागून फडफडत जाणारी जाहिरात वाचणारा माणूस बहुधा वाळूत उताणा पडलेला असतो. डोळ्यांवर ऊन, हातात सँडविच, आणि तुमच्याकडून त्याला काहीही नको असतं. गिऱ्हाईक आलं की मी आधी हेच ऐकवतो. न्यू जर्सीत एडिसनला माझं पाट्या-बॅनरचं दुकान आहे. मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत किनाऱ्यावर जी बॅनरं उडतात, त्यांचा मजकूर ठरवून देणं हा माझा जोडधंदा. विमान माझं नाही, वैमानिक माझा नाही, शब्द तेवढे माझे. आणि पैसे बुडतात ते बहुतेक वेळा शब्दांपायीच.

एका मराठी हॉटेलवाल्यांना हॉटेलचं नाव, गाव, अस्सल महाराष्ट्रीय जेवण, बुफेची वेळ, दहा टक्के सूट आणि दहा आकडी फोन नंबर असं सगळं हवं होतं. मी म्हटलं, यातलं एक ठेवा. ते म्हणाले, "अहो, अख्ख्या विमानाचे पैसे मोजतोय, मग अर्धं रिकामं कशाला पाठवू?" सुट्या अक्षरांत एवढं बसेना, म्हणून त्यांनी भलंमोठं छापील कापड करून घेतलं आणि त्यात बारीक अक्षरांच्या तीन ओळी कोंबल्या. त्या शनिवारी मी सीसाइड हाइट्सच्या किनाऱ्यावर होतो. बॅनर समोरून गेलं. शेजारच्या छत्रीखालच्या बाईंना विचारलं, काय होतं हो? त्या म्हणाल्या, "कसला तरी सेल." हॉटेलवाल्यांचा फोन काही वाजला नाही, आणि पुढची दोन वर्षं ते मला विमानाची जाहिरात म्हणजे शुद्ध फसवणूक असल्याचं सांगत राहिले. फसवणूक नव्हती, गर्दी होती.

हिशेब साधा आहे. बॅनरची नेहमीची सुटी अक्षरं ५ फूट, म्हणजे ६० इंच उंच असतात. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की अक्षराच्या दर इंचामागे १० फुटांवरून आरामात वाचता येतं आणि फार तर ४० फुटांवरून कसंबसं. म्हणजे ६०० फुटांपर्यंत सुख, २४०० फुटांपलीकडे अंधार. विमान पाण्यावरून, निदान ५०० फूट उंचीवरून जातं. वेग ताशी ५० मैल धरला तर सेकंदाला ७३ फूट. समोर येईपर्यंत अक्षरं तिरकी, चेपलेली दिसतात, पुढे गेल्यावर पुन्हा तशीच. शिवाय इंजिनाचा आवाज ऐकून मान वर होईपर्यंत काही सेकंद गेलेले असतात. हातात उरतात जेमतेम पंधरा.

म्हणून मोकळ्या जागा धरून तीस-पस्तीस अक्षरांपलीकडे जाऊ नका. वीसमध्ये भागलं तर सोनं. महत्त्वाचा शब्द विमानाच्या बाजूला ठेवा, कारण शेपटाकडचा भाग सगळ्यात जास्त फडफडतो. आणि लोक नेमका तिथेच फोन नंबर लावतात! ओल्या हाताने वाळूत नंबर कोण लिहून घेणार? नाव लक्षात राहिलं तर वाचणारा संध्याकाळी शोधेल. रंग काळा किंवा लाल घ्या. पिवळा, आकाशी, गुलाबी हे रंग दुपारच्या पांढुरक्या उन्हात विरघळतात. बारीक रेघांची नक्षीदार अक्षरं लग्नपत्रिकेला ठेवा.

दिशेकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. पहिलं अक्षर विमानाला जवळचं, त्यामुळे मजकूर विमानाच्या डाव्या बाजूनेच सरळ वाचता येतो. जर्सीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तेव्हा विमान उत्तरेकडे जात असेल तरच वाळूवरच्याला वाचता येतं. दक्षिणेकडे परतताना तीच अक्षरं उलटी दिसतात. तुमच्या पैशांत ही परतीची फेरी धरली आहे का, धावपट्टीपासून किनाऱ्यापर्यंतचा वेळ धरला आहे का, हे आधी विचारा.

गणपतीच्या दिवसांत एका मंडळाला "गणपती बाप्पा मोरया" देवनागरीत उडवायचं होतं. सुटी अक्षरं मिळतात ती रोमन. देवनागरीला शिरोरेषा लागते, तेव्हा अख्खं कापड छापून घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो. त्यात वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार उंची खातात, मूळ अक्षर आखडतं आणि वरचा हिशेब कोसळतो. मी सुचवलं, नुसतं "मोरया" करा, पण प्रचंड. ज्याला वाचता येतं त्याला तेवढं पुरतं, ज्याला येत नाही त्याला सबंध ओळही तेवढीच. मंडळात यावरून वाद झाला, पण शेवटी "मोरया"च उडालं.

बॅनर बांधून विमान धावपट्टीवरून सुटत नाही. दोन खांबांवर दोराचा फास ताणून ठेवतात. विमान खाली येतं, मागे लोंबणाऱ्या आकड्याने तो फास उचलतं आणि तीव्र चढ घेतं. त्या क्षणी वेग कमी, ओढ जास्त. लांब बॅनर म्हणजे वाढीव ओढ, आणि ती वैमानिकाच्या जिवावर असते. वारा पाहून तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका. त्याऐवजी पावसावाऱ्यात फेरी रद्द झाली तर दुसरी तारीख मिळणार की पैसे परत, हे करारात लिहून घ्या. अक्षरं माणूस हाताने जुळवतो, तेव्हा गवतावर मांडलेल्या बॅनरचा फोटो उड्डाणाआधी मागवा आणि शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक अक्षर तपासा.

जागाही आधी तपासा. मोठ्या सामन्याच्या गर्दीवर जाहिरात उडवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पण अमेरिकेत ३०,००० किंवा जास्त आसनांच्या स्टेडियमवर बेसबॉल-फुटबॉलचे प्रमुख सामने चालू असताना, तसंच आधी आणि नंतर एकेक तास, ३ सागरी मैलांच्या परिसरात ३००० फुटांपर्यंत असं उड्डाण करता येत नाही. होनोलुलूत तर विमानामागच्या जाहिरातीलाच बंदी आहे, आणि २००६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ती वैध ठरवली आहे.