'वाचणे' : रूप एक, कुळे दोन

आजोबांच्या जुन्या पेटीत एक पोस्टकार्ड सापडले. वर्धा नदीच्या काठच्या गावाहून त्यांच्या भावाने लिहिलेले. आजीला अक्षरओळख नाही. "बाबू, वाच बरं," ती म्हणाली. कार्डावर होते : 'पूर आला. घर गेलें. आम्ही सर्व वांचलों.' मी वाचले आणि 'वां'वरील टिंबापाशी अडलो.

'मी पत्र वाचले' आणि 'मी वाचलो' यांतील क्रियापद आपण एकच समजतो. वस्तुतः ती दोन आहेत. पहिले संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे या धातूचे. त्याचे प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलावयास लावणे. वाचणे म्हणजे मुक्या अक्षरांना बोलते करणे! वाचा, वचन, वाक्य, वाङ्मय ही याच घरची मंडळी. लॅटिन 'वोक्स' आणि त्यावरून आलेला इंग्रजी 'व्हॉइस' हे दूरचे भाऊबंद.

दुसरे 'वञ्च्' या धातूचे. त्याचा अर्थ वाकडे जाणे, चुकवून निसटणे. संकट चुकवतो तो वाचतो. दुसऱ्याला चुकवतो तो वंचना करतो. ज्याच्या हातून वाटा निसटतो तो वंचित. ते टिंब म्हणजे या 'ञ्'ची खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसायलाही सारखे झाले.

शेजारच्या भाषांत हा घोटाळा नाही. १९५६ पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यात होते. आपल्या बाजारात आजही हिंदी, तेलुगू कानी पडते. हिंदीत 'पढना' वेगळे, 'बचना' वेगळे. तेलुगूत 'चदुवु' वेगळे, 'ब्रतुकु' वेगळे. मराठीत मात्र भेद वाक्यरचनेवरून ओळखावा लागतो : 'त्याने वाचले' तो वाचक, 'तो वाचला' तो जिवंत राहिला. उच्चारही पाहा. 'वाचा फुटली' यातला 'च' चहातला, तर 'धडा वाचा' यातला चमच्यातला. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द कोणता आणि लोकांच्या जिभेवर घडलेला कोणता, हे त्या 'च'वरून कळते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगितले आणि शेवटी उपदेशही केला, की वाचनावाचून माणूस वाचत नाही. ती हसली. म्हणाली, "मी तर न वाचताच वाचली, बाबू. पण हे कार्ड इतके दिवस पेटीत मुकंच राहिलं ना!"

माझे सारे विवेचन तिने एका वाक्यात सांगितले होते. त्या संध्याकाळी आम्ही पाटी काढली. पहिले अक्षर तिनेच निवडले : 'वा'.