खाचरातली झळाळी आणि ध्रुवित प्रकाश

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, वांगणीसारख्या गावी, जुलै महिन्यात भाताची आवणी चालते. आवणीनंतर खाचरातले पाणी निवळते. पावसाने उघडीप देऊन ऊन पडले की त्या पाण्यावर अशी झळाळी येते, की बांधावर उभ्या असलेल्या मुलाला हातभर अंतरावरचा खेकडा दिसत नाही. पाणी नितळ आहे, उजेड भरपूर आहे. मग अडचण कसली? अडचण त्या उजेडाचीच आहे.

खेकड्यावरून आपल्या डोळ्यांकडे येणारा प्रकाश मंद असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्याच्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत शिरतात. साधा काळा चष्मा लावला तर दोन्ही सारखेच मंद होतात, म्हणजे खेकडा दिसत नाही तो नाहीच. आपल्याला हवी आहे ती एकाला अडवून दुसऱ्याला सोडणारी गाळणी. त्यासाठी या दोन प्रकाशांत काहीतरी फरक असला पाहिजे. तो आहे, पण आपल्या डोळ्यांना तो सहसा कळत नाही.

प्रकाश हा अवतरंग आहे. त्यातील विद्युत क्षेत्राची कंपने प्रकाशाच्या जाण्याच्या दिशेला काटकोनात होतात. सूर्याकडून थेट आलेल्या प्रकाशात ती अशा सर्व दिशांना, उभी, आडवी, तिरपी, सरमिसळ झालेली असतात. कंपने एकाच दिशेत उरली, तर त्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात.

पाणी हे काम आपोआप करते. १८०८ साली फ्रान्समध्ये मालुस याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला. कॅल्साइटमधून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तेव्हा त्या आळीपाळीने मंद झाल्या. (आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही कॅल्साइट सापडते.) पुढे १८१५ साली ब्रूस्टर याने नियम मांडला: ज्या आपतन कोनाचे टॅन गुणोत्तर पदार्थाच्या अपवर्तनांकाइतके असते, त्या कोनातून परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून हा कोन सुमारे ५३ अंश. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३७ अंश वर हवा. जव्हारला जुलैत तो सकाळी नऊच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी साडेचारच्या सुमारास तेथे असतो. त्या वेळी पाण्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार टक्के परावर्तित होतो; पण तो सूर्याचा चार टक्के, तेव्हा डोळे दिपणारच! आणि त्याची सगळी कंपने आडवी, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असतात. खेकड्यावरून येणाऱ्या प्रकाशात मात्र उभी कंपनेही भरपूर असतात.

आता गाळणी. एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९३८ साली तयार केलेल्या पोलरॉइडमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तापवून ताणतात. त्यामुळे त्याचे साखळीसारखे लांब रेणू एका दिशेत ओळीने लागतात. मग त्यावर आयोडीन चढवतात. साखळीच्या दिशेने कंप पावणारे विद्युत क्षेत्र आयोडीनमधील इलेक्ट्रॉनांना साखळीच्या लांबीने हलवते आणि त्यातच आपली ऊर्जा खर्च करून बसते. काटकोनातील कंपनांना असा वाव मिळत नाही, म्हणून ती पार होतात.

पुस्तकांत यासाठी कुंपणाच्या फटीतून जाणाऱ्या दोरीची उपमा देतात. मला ती फारशी आवडत नाही. रेणूंच्या साखळ्या म्हणजे कुंपणाचे गज असे मानले, तर गजांना समांतर कंपने पार होतील असे वाटते; प्रत्यक्षात नेमकी तीच अडतात. म्हणून पोलरॉइड चष्म्यात साखळ्या आडव्या ठेवलेल्या असतात. चष्मा घातला की झळाळी जाते आणि खेकडा दिसतो. मान खांद्याकडे वाकवून पाहा, झळाळी परत येते. (मात्र पोलरॉइडमधूनही सूर्याकडे थेट कधीही पाहू नका, डोळे जातील.)

दोरीच्या उपमेने न सुटणारे एक कोडेही आहे. पोलरॉइडचे दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात धरा; अंधार होईल. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा तुकडा ४५ अंशांत सरकवा. अडथळा वाढवला, तरी उजेड परत येतो! कारण ध्रुवक प्रकाशाला नुसता गाळत नाही, तर पार झालेल्या प्रकाशाच्या कंपनांना स्वतःची दिशा देतो. तुकडे आदर्श असले तर पहिल्यातून निम्मा, दुसऱ्यातून त्याच्या निम्मा, तिसऱ्यातून त्याच्याही निम्मा, असा मूळ प्रकाशाचा आठवा भाग बाहेर पडतो.

खाचरावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांना मात्र चष्मा लागत नाही. अनेक पाणकीटकांना आडवा ध्रुवित प्रकाश दिसतो आणि त्यावरूनच ते पाणी ओळखतात. पण काळे प्लास्टिक, गाडीचे चकचकीत टप, डांबरी रस्ता यांवरूनही तसाच प्रकाश येतो. मेफ्लाय हे कीटक कोरड्या डांबरी रस्त्यावर अंडी का घालतात, याचा उलगडा हंगेरीतील शास्त्रज्ञांनी १९९८ साली याच गुणावरून केला. रस्त्याचा प्रकाश त्यांना पाण्यासारखाच भासतो. ती अंडी उन्हात वाळून जातात.