कड्याखाली जाऊ नको

जऊळका (रेल्वे),
आषाढ

चि. बापू,

पेरणी आटोपली, सोयाबीन बोटभर वर आलं आहे. पण पत्र त्यासाठी नाही. तिकडे पुण्याजवळ वाघोलीला डंपर चालवणारा आपल्या गावचा पोरगा परवा पारावर सांगत होता, तू सुरुंग उडाल्याबरोबर हातोडा घेऊन खदानीच्या कड्याखाली शिरतोस म्हणून. वहिनी तिथं नव्हत्या, हे नशीब. खरं आहे का रे हे?

त्या निळ्या खनिजाचं, कॅव्हनसाइटचं वेड मला कळतं. दिवाळीत ओसरीवर तूच सांगितलंस की 1967 साली ते अमेरिकेत ओरेगॉनला सापडलं, 1973 साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, पण मन भरून पाहायचं तर वाघोलीच गाठावी लागते. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, सगळं पाठ आहे मला. पण ते ओळखायला कड्याखाली उभं राहावं लागतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?

निळं दिसलं म्हणजे झालं असंही नाही. तांब्याचं अझुराइटही निळंच, त्यावर आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. पण तुझ्या तुकड्यात खाली कॅल्साइट असेल तर तेही फसफसणार, तेव्हा थेंब नेमका कशावर पडला ते भिंगातून बघ. कॅव्हनसाइट नखानं ओरखडत नाही, चाकूनं ओरखडतं. चाकू तुटक्या कणावर लाव, अख्ख्या गुच्छावर नको. राहिला त्याचा जुळा भाऊ पेंटागोनाइट. घटक तेच, आतली मांडणी निराळी. गोल गुच्छ असेल तर बहुधा कॅव्हनसाइट. चपटी टोकदार पाती, त्यात पाच टोकांची चांदणी दिसली तर पेंटागोनाइटचा संशय घ्यायचा. पक्का निकाल क्ष-किरणांचा, तो कॉलेजात. सांग, यातलं कुठलं काम कड्याखाली होतं? पाडलेल्या ढिगाजवळ, मालकाला विचारून, उजेडात बसून होतं ते सगळं.

सैल दगड सब्बलीनं पाडल्याशिवाय जुना खदानमजूर आत पाय टाकत नाही. त्यात हे पावसाचे दिवस. भेगांत पाणी मुरलं की काल घट्ट वाटलेला दगड आज सुटतो.

बहात्तरच्या दुष्काळात आपली मळ्यातली विहीर खोल केली, तेव्हा काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढऱ्या-गुलाबी गारगोट्या निघाल्या होत्या. मी चार घरी आणल्या. आबांनी बांधावर भिरकावल्या. मला पुण्याला जाऊन हे दगडांचं शास्त्रच शिकायचं होतं. आबांसमोर तोंड उघडलं नाही, आणि मग शेती अंगावर पडली. त्यातली एक तू बांधावरून शोधून आणलीस आणि स्टिलबाइट म्हणालास. एवढी वर्षं मी नुसती गारगोटीच म्हणत होतो तिला.

म्हणून शिकू नको असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त त्या कड्याखाली जाऊ नको, बापू. तुकडा मजुराकडून विकत घ्यावा लागला तर घे, पैशाचं मी बघतो.

पहिलं पत्र काकूनं फाडायला लावलं, त्यात फार बोललो होतो. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि तुरीची डाळ डंपरवाल्याबरोबर पाठवली आहे. हेल्मेटचे पैसे वेगळे पाठवले आहेत. पावती नको, डोक्यावर घातलेला फोटो पाठव. पोळ्याला ये, विहिरीला पाणी असलं तरी वरची कड उघडी आहे, दोघं मिळून बघू.

तुझा,
काका