कधी लगेच, कधी मुळीच नाही : एका डिझेल गाडीचे निदान

मुरारकडून बालवर्गातील मुलांना आणणारी आपल्या शाळेची जुनी डिझेल गाडी या हिवाळ्यात काही दिवस वेळेवर का पोहोचत नव्हती, याची चर्चा तुम्ही घरी ऐकली असेलच. काही दिवशी किल्ली फिरवताच ती सुरू होई. काही दिवशी वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारूनही नुसती घरघर. आणि गॅरेजमध्ये नेली की ती अगदी शहाण्यासारखी पहिल्याच झटक्यात सुरू! यातून दोन गोष्टी घडल्या. डिझेल पंप उघडावा लागेल, असा पाच आकडी खर्चाचा अंदाज विश्वस्त मंडळापुढे आला. दुसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो. गाडीत काही दोष नाही, ड्रायव्हरकाकाच उशिरा येतात, अशी कुजबुज सुरू झाली. आणि तसे वाटणाऱ्यांत आम्ही विज्ञानाचे शिक्षकही होतो.

काकांनी एक दिवस शांतपणे सांगितले, "सर, पहाटे एकदा येऊन बघा." आम्ही गेलो. त्या दिवशी गाडी लगेच सुरू झाली. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मात्र हा प्रश्न नीट सोडवायचा, असे आम्ही ठरवले.

आधी थोडा अभ्यास. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, डिझेल इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे ज्या इंजिनाची यशस्वी चाचणी दाखवली, त्याचे तत्त्व असे की हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, तोच हा प्रकार. हवा सुमारे विसावा हिस्सा जागेत दाबली, तर अकरावीच्या सूत्राने ५ अंशांची हवा सुमारे ६५० अंशांपर्यंत तापायला हवी. प्रत्यक्षात ती तेवढी तापत नाही, कारण थंड लोखंड उष्णता शोषून घेते आणि रिंगांतून थोडी हवा निसटते. सेल्फ हळू फिरला तर हे नुकसान आणखी वाढते. म्हणून अशा इंजिनांत हीटर प्लग बसवतात. किल्ली फिरवल्यावर जो पिवळा दिवा लागतो, तो या हीटरचा. तो विझेपर्यंत थांबायचे असते. घाईत पुष्कळ लोक थांबत नाहीत.

थोडक्यात, सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पुरेशी तापलेली हवा, जोरात फिरणारे इंजिन आणि नोझलपर्यंत पोहोचलेले डिझेल. आपल्या गाडीत यांपैकी काय कमी पडत होते?

ग्वाल्हेरचा जानेवारी म्हटल्यावर सगळ्यांचे उत्तर एकच होते, थंडी. आम्हालाही तेच वाटले. पण वाटणे वेगळे आणि नोंद वेगळी. नववीच्या मुलांनी एक वही केली. प्रयोगशाळेतला तापमापक पोर्चमध्ये टांगला. रोज सकाळी काकांनी सांगायचे व मुलांनी लिहायचे : तापमान, गाडी किती तास उभी होती, कुठे उभी होती, टाकीत डिझेल किती, सेल्फ किती सेकंद मारला आणि सायलेन्सरमधून धूर आला का, आला तर कोणत्या रंगाचा. धुराचा रकाना काकांनीच सुचवला. पुढे तोच सर्वांत उपयोगी ठरला.

एकोणीस सकाळींच्या नोंदी झाल्या. त्यांतल्या सहा वाईट. ४ अंशांच्या दोन्ही सकाळी गाडी पाच-सहा सेकंदांत सुरू झाली होती. पांढरा धूर आला, इंजिन अर्धा मिनिट थडथडले, पण सुरू झाले. उलट ११ अंशांच्या सकाळी ती तेवीस सेकंद अडून बसली. म्हणजे थंडी हे मुख्य कारण नव्हे. वाईट सहाही दिवशी सेल्फ जोमात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. आणि त्या सहाही दिवशी धुराच्या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते.

इथे जरा थांबून विचार करा. सेल्फ फिरत असताना पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा. म्हणजे डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. तेव्हा हीटर किंवा कॉम्प्रेशन तपासायचे. धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही.

मग एका विद्यार्थिनीने 'जागा' हा रकाना वाचून दाखवला. सहाही दिवशी गाडी मागच्या फाटकाच्या चढावर, तोंड वर करून उभी होती. स्नेहसंमेलनाच्या मंडपामुळे अंगणात जागा नव्हती, म्हणून ती रात्री तिथे लावली जाई. पण चढावर उभी राहूनही तीन दिवस ती बिनतक्रार सुरू झाली होती, त्याचे काय? डिझेलचा रकाना पाहिला. त्या तीन दिवशी टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. वाईट दिवशी अर्ध्याहून कमी.

आता चित्र स्पष्ट झाले. टाकी मागे व खाली, इंजिन पुढे व वर. या गाडीचा पंप टाकीतले डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीत कुठेतरी बारीक फट असेल, तर रात्रभरात तिथून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते. चढ असेल व टाकी रिकामी असेल, तर उतार अधिक, म्हणून जास्त उतरते. यालाच मिस्त्री लोक 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. दोन तास उभी राहिल्यास काही होत नाही, कारण फट बारीक असते. गॅरेजची जमीन सपाट आणि गाडी तिथे गरम अवस्थेतच पोहोचणार, मग दोष दिसणार कसा?

पडताळा सोपा होता. पुढच्या वाईट सकाळी सेल्फ मारण्याआधी काकांनी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. गाडी तत्काळ सुरू! नंतर मिस्त्रींनी फिल्टर व पंप यांच्यामध्ये काही दिवसांपुरती पारदर्शक नळी जोडली, तेव्हा बुडबुड्यांची रांग मुलांनी डोळ्यांनी पाहिली. फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीचे टोक कडक होऊन चिरले होते. तिथून डिझेलचा थेंबही गळत नव्हता, म्हणून कोणी संशय घेतला नव्हता. हवा जिथून आत शिरते, तिथून डिझेल बाहेर येईलच असे नाही.

राहिला तो ४ अंशांचा पांढरा धूर. तो दुसराच दोष होता. वायर काढून मल्टिमीटर लावला, तेव्हा तीन हीटर प्लगांचा रोध एक ओहमच्या आसपास होता आणि चौथ्यातून प्रवाहच जात नव्हता. दोन दोष एकमेकांत मिसळल्यामुळे इतके दिवस गोंधळ झाला होता.

पालकांसाठी थोडे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. हवेच्या फिल्टरवर पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा फवारा मुळीच नको. तापलेल्या हीटरमुळे भडका उडू शकतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत नोझलच्या नळ्यांत प्रचंड दाब असतो, त्या घरी सैल करू नयेत. तिथे संगणक जोडून रेलमधला दाब पाहावा लागतो. पण वही तिथेही चालेल.

पंप उघडण्याचा विषय विश्वस्तांनी बैठकीतून काढून टाकला. हातभर नळी, दोन क्लिपा आणि एक हीटर प्लग एवढ्यात काम झाले. आम्ही काकांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "वही मात्र माझ्याकडेच राहू द्या." ती आता गाडीत असते. कालची नोंद : ७ अंश, चढावर, टाकी पाव, सेल्फ २ सेकंद, धूर नाही.